आत पोटॅशियम, बाहेर सोडियम

मीठ पाण्यात टाकले की त्यातील सोडियम आणि क्लोरीन एकमेकांपासून सुटे होतात. सुट्या झालेल्या सोडियमवर एक धनभार असतो आणि क्लोरीनवर एक ऋणभार. असा विद्युतभार असलेल्या अणूला किंवा अणुगटाला आयन म्हणतात. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८०च्या दशकात हा विचार मांडला तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांनी तो हसण्यावारी नेला. १९०३ मध्ये त्याच कामासाठी अऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सजीवांच्या पेशीत जो पाणीदार भाग असतो त्याला पेशीद्रव म्हणतात. त्यात पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोराइड, फॉस्फेट आणि बायकार्बोनेट हे आयन असतात. हेच आयन पेशीबाहेरच्या द्रवातही असतात; प्रमाण मात्र अगदी उलटे असते. माणसाच्या बहुतेक पेशींत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर बाहेरच्या द्रवात ते ४ ते ५ मिलिमोल असते. सोडियम बाहेर १४० ते १४५ आणि आत १० ते १५ मिलिमोल. क्लोराइड बाहेर शंभराच्या वर, तर आत बहुतेक पेशींत त्याच्या एका लहानशा अंशाइतके. कॅल्शियमची तफावत सर्वांत मोठी: पेशीद्रवातील मोकळे कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. पेशीची बरीचशी कामे याच तफावतीच्या जोरावर होतात.

तफावत टिकते ती पेशीपटलामुळे. हे पटल मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी असते. मेदाच्या थरातून भारित कण जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात. काही प्रथिने नळीसारखी असतात; ती उघडली की आयन उताराच्या दिशेने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे, आपोआप वाहतात. त्यांना आयनवाहिन्या म्हणतात. दुसऱ्या प्रकारची प्रथिने पंपासारखी असतात. ती ऊर्जा खर्च करून आयनांना चढाच्या दिशेने ढकलतात. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला वीज लागते, पण एकदा टाकी भरली की नळ सोडताच पाणी येते. पंप आणि वाहिन्या यांचे नाते असेच आहे.

या पंपांपैकी सर्वांत महत्त्वाचा सोडियम-पोटॅशियम पंप डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाचे येन्स क्रिस्तियान स्को यांनी शोधला. खेकड्याच्या पायातील चेतातंतूंवर काम करताना त्यांना असे विकर सापडले, की जे सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही उपस्थित असताना एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे जोमाने विघटन करत होते. ही माहिती त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. हा पंप एटीपीचा एक रेणू खर्च करून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याच्या शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे पाव हिस्सा या एका कामावर जातो. मेंदूत हे प्रमाण त्याहून जास्त असते, कारण चेतापेशींत आयनांची ये-जा सतत चालते.

एवढी ऊर्जा खर्च करण्यामागे पहिले कारण पेशीचे आकारमान राखण्याचे. पेशीत प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले आणि इतर मोठे रेणू दाटीने असतात. ते बाहेर जाऊ शकत नाहीत आणि त्यांपैकी बहुतेकांवर ऋणभार असतो. त्या ऋणभाराची बरोबरी करण्यासाठी धनभारित आयन आत थांबतात. परिणामी आतल्या विरघळलेल्या कणांची संख्या वाढते आणि परासरणाच्या नियमाने पाणी आत खेचले जाते. वनस्पतीच्या पेशीला भक्कम भित्तिका असल्याने ती हा दाब सोसते. प्राण्याच्या पेशीला भित्तिका नसते. सोडियम सतत बाहेर फेकल्यामुळेच ती फुगून फुटत नाही. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, की एटीपी संपते, पंप थांबतात, सोडियम आणि पाणी आत शिरते आणि काही मिनिटांतच पेशींना सूज येऊ लागते.

दुसरे कारण विजेचे. विश्रांतीच्या अवस्थेत पेशीपटलातील काही पोटॅशियमवाहिन्या उघड्या असतात. त्यांतून थोडे पोटॅशियम बाहेर झिरपते आणि सोबत धनभार नेते. आतली बाजू ऋण होते. चेतापेशीत हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्ट असतो. आकडा लहान वाटतो, पण पटल इतके पातळ असते, की त्याच्या आरपारचे विद्युतक्षेत्र मीटरला एक कोटी व्होल्टच्या पुढे जाते.

संदेश निघतो तेव्हा सोडियमवाहिन्या क्षणभर उघडतात. सोडियम आत धावते आणि पटलाची आतली बाजू धन होते. एक-दोन मिलिसेकंदांत त्या वाहिन्या बंद होऊन पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि मूळची स्थिती परत येते. ही लाट चेतातंतूवरून पुढे सरकत जाते. इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकूल ऊर्फ स्क्विड या प्राण्याच्या जाड अक्षतंतूत विद्युताग्र घालून १९३९ मध्ये हा व्होल्टेजबदल मोजला. युद्धामुळे काम थांबले. पुढे १९५२ मध्ये त्यांनी या प्रक्रियेचे गणित प्रसिद्ध केले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एका संदेशात ओलांडून जाणाऱ्या आयनांची संख्या पेशीतील एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असते. म्हणूनच पंप काही काळ बंद पाडला तरी जाड तंतूतून हजारो संदेश जाऊ शकतात.

पोटॅशियमची वाहिनी आकाराने लहान सोडियमला मात्र जाऊ देत नाही, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. अमेरिकेतील रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियमवाहिनीची त्रिमित रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कवच असते आणि वाहिनीत शिरताना ते उतरवावे लागते. पोटॅशियमच्या वाहिनीत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर असतात, की पोटॅशियमला पाण्याच्या कवचाची उणीव भासत नाही. सोडियम त्या जागेत सैल पडते. त्याला कवच सोडणे परवडत नाही. मॅकिनन यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

कॅल्शियमचे काम वेगळ्याच प्रकारचे आहे. पेशीद्रवात फॉस्फेट भरपूर असते आणि कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की न विरघळणारा साका तयार होतो. हाडांना याचा उपयोग होतो, पेशीद्रवात मात्र तो घातक ठरेल. म्हणून पेशी कॅल्शियम सतत बाहेर टाकतात किंवा आंतर्द्रव्यजालिकेत साठवतात. मूळ पातळी इतकी खाली असल्याने थोडेसे कॅल्शियम आत आले तरी प्रमाण दहापट-शंभरपट वाढते आणि प्रथिनांना तो बदल लगेच कळतो. पेशींनी या गुणाचा उपयोग संदेशासाठी केला. स्नायूला चेतातंतूचा इशारा मिळाला की साठ्यातून कॅल्शियम सुटते, ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते आणि आकुंचन सुरू होते. पंपांनी कॅल्शियम परत ओढून घेतले की स्नायू सैल होतो. मृत्यूनंतर एटीपी संपल्याने कॅल्शियम परत ओढले जात नाही, स्नायूंतील तंतूही एकमेकांपासून सुटू शकत नाहीत आणि शरीर ताठ होते. शुक्राणूचा संयोग होताच अंडपेशीभर पसरणारी आणि तिला विकासाच्या मार्गावर नेणारी लाटही कॅल्शियमचीच असते.

कॅल्शियमचे हे महत्त्व प्रथम लक्षात आले ते योगायोगाने. लंडनमधील डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारांच्या द्रावणात धडकते ठेवण्याचे प्रयोग करत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात बनवल्याचे त्यांना वाटत होते; प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्यात बनवलेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागले. लंडनच्या नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हाच हरवलेला घटक होता, हे त्यांनी १८८३ मध्ये नोंदवले. शिरेतून दिल्या जाणाऱ्या ‘रिंगर लॅक्टेट’ सलाइनमध्ये त्यांचे नाव आजही आहे.

मॅग्नेशियमचा गाजावाजा कमी, पण एटीपी पेशीत बहुतांशी मॅग्नेशियमला जोडूनच वावरते आणि ते वापरणाऱ्या विकरांना हीच जोडी लागते. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमची घडीही मॅग्नेशियमवाचून टिकत नाही. लोह आणि जस्त यांच्याबाबत पेशी फार सावध असते. या धातूंचे जवळजवळ सर्वच आयन प्रथिनांत बांधलेले असतात, कारण मोकळे लोह ऑक्सिजनपासून विध्वंसक रेणू तयार करते.

हायड्रोजनचे आयन संख्येने अत्यल्प असतात. पेशीद्रवाचा पीएच सुमारे ७.२ असतो, म्हणजे त्यात हे आयन पोटॅशियमच्या वीस लाखाव्या भागाइतकेच असतात. तरी त्यांच्या प्रमाणात किंचित बदल झाला तर विकरांचा आकार आणि वेग बदलतो. फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि प्रथिने हा बदल शोषून घेतात. तंतुकणिकांमध्ये हायड्रोजन आयनांचीच तफावत एटीपी बनवते, हे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सुचवले. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग आयनांच्या तफावतीवर एटीपी कसे बनते हे उलगडणारे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना मिळाला. उरलेला अर्धा भाग एटीपी खर्चून तफावत निर्माण करणाऱ्या पंपाचे शोधक स्को यांना मिळाला.

वनस्पतींत सोडियम-पोटॅशियम पंप नसतो. तेथे हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारा पंप तफावत निर्माण करतो. पोटॅशियम मात्र त्यांनाही हवेच असते. पानांवरील रक्षक पेशींत पोटॅशियम शिरले की मागोमाग पाणी येते, पेशी फुगतात आणि पर्णरंध्र उघडते. पोटॅशियम बाहेर पडले की ते मिटते. शेतकरी पिकाला नत्र आणि स्फुरदाबरोबर पालाश देतात ते याच पोटॅशियमसाठी. सांगली-कोल्हापूरकडे अति सिंचनाने क्षारपड झालेल्या जमिनीत पिके खुरटतात, त्याचे एक कारण पेशीपातळीवरचे आहे: मुळांतून जादा सोडियम आत येते आणि पोटॅशियमच्या आधारे चालणाऱ्या विकरांच्या कामात अडथळा आणते. क्षार सोसणाऱ्या वनस्पती हे सोडियम पेशीद्रवातून काढून रिक्तिकेत कोंडून ठेवतात.

आयनांच्या तफावतीचे ज्ञान वैद्यकात किती उपयोगी पडले, याचे उत्तम उदाहरण जलसंजीवनी. आतड्याच्या पेशींत सोडियम कमी असल्याने ते बाहेरून आत येऊ पाहते आणि येताना ग्लुकोजलाही सोबत आणते. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडवाहतूक १९६० मध्ये प्राग येथे मांडली. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते. म्हणून साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिले, की दोन्ही शोषले जातात आणि मागोमाग पाणीही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनचा साठा अपुरा पडला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. सध्याच्या प्रमाणित जलसंजीवनीत लिटरमागे सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल असते.

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्ततपासणीत दिसते ते उरलेल्या अंशातले. रक्तातील सामान्य पातळी ३.५ ते ५ मिलिमोल आहे. ती सहा-साडेसहाच्या वर गेली तर पेशीपटलाच्या आतबाहेरचा विद्युतफरक घटतो आणि हृदयाचे ठोके बिघडून ते थांबूही शकते. अशा वेळी डॉक्टर इन्सुलिन आणि ग्लुकोज देतात, कारण इन्सुलिनमुळे पंपाचा वेग वाढून पोटॅशियम पेशींत परत जाते. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून शंका असल्यास तपासणी पुन्हा केली जाते.

जादा पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे असते. ती अधू झालेल्या रुग्णांनी शहाळ्याचे पाणी, केळी आणि फळांचे रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, अशा रुग्णांनी ते आरोग्यदायी समजून परस्पर सुरू करू नये.