वळवाचा ढग जिथे थांबतो, तिथून पुढे हवा कशी चढते?

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी वळवाचा ढग फुगत वर चढतो आणि थोड्याच वेळात त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. बेळगाव असो की हैदराबाद, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं. ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असते तोवरच उसळते. उष्ण कटिबंधात बहुतेक मोठ्या ढगांची ही उसळी १२ ते १४ किलोमीटरवर संपते. त्याहून वर, साधारण १७ किलोमीटरपासून स्थितांबर सुरू होतं. तिथला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो, म्हणून वर जावं तशी हवा तापत जाते. थोडक्यात, डब्याला घट्ट झाकण.

तरी खालची हवा या झाकणातून वर जाते, आणि तीही मुख्यतः उष्ण कटिबंधातून. हे कळलं कसं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडवर विमानातून बाष्प मोजलं, तेव्हा स्थितांबर कमालीचं कोरडं निघालं. १९४९ मध्ये ॲलन ब्रूअर यांनी त्याचा अर्थ लावला. हवा इतकी सुकायची तर ती फार थंड जागेतून गेलेली असणार, आणि तशी जागा विषुववृत्ताच्या वर आहे. तिथे तापमान उणे ८० अंशांच्या आसपास असतं. बाष्पाचा बर्फ होऊन तो खाली पडतो, कोरडी हवा पुढे जाते.

पण हा शेवटचा टप्पा गोगलगायीचा! दिवसाला जेमतेम २०-३० मीटर. ढगाने तासाभरात जेवढं अंतर काटलं, त्याचा उरलेला तुकडा पार करायला महिने लागतात. ओढणारा पंप तर आणखीच लांब आहे. थंड प्रदेशांत हिवाळ्यात हवेच्या प्रचंड लाटा वर जाऊन फुटतात, त्या धक्क्याने तिथली हवा ध्रुवाकडे सरकते आणि तिची जागा भरायला विषुववृत्तावरची हवा वर खेचली जाते.

आपला पावसाळाही यात हातभार लावतो. मोसमी ढग जमिनीजवळची हवा वर नेतात आणि तिच्यासोबत धूर, वायूही. आशियावर दर पावसाळ्यात सूक्ष्म कणांचा एक थर तयार होतो, हे उपग्रहाच्या नोंदींतून २०११ मध्ये समोर आलं. त्याचा शोध घ्यायला इस्रो आणि नासाने हैदराबादच्या बलून केंद्रावरूनही फुगे सोडले. २०१७ मध्ये काठमांडूहून उडालेल्या विमानाला त्यात अमोनियम नायट्रेट सापडलं. त्यातला अमोनिया बराचसा शेतातल्या युरियातून आणि गुरांच्या शेणमुतातून येतो.

जुन्या फ्रिज-एसीतले सीएफसी वायूही याच वाटेने वर गेले आणि ओझोन खाऊ लागले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा वापर जवळपास थांबला. पण हे वायू खाली मोडत नाहीत. अतिनील किरणांत तुटण्यासाठी त्यांना तीच संथ चढण चढावी लागते, म्हणून ओझोनची जखम भरायला इतकी दशकं लागत आहेत.