रोजकीर्द मिटण्याच्या क्षणी

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहेत. सुट्टीत गावी आल्यावर "नेमके काय काम करतोस?" असे आईवडिलांनी विचारले, की "प्रोग्राममधले दोष शोधतो" एवढे सांगून ते मोकळे होतात. त्या तीन शब्दांत किती श्रम असतात, हे लिनक्समधील एका खऱ्या दोषाच्या आधारे येथे मांडतो. इतिहासाचा शिक्षक या वाटेला कसा गेला, असे काहींना वाटेल. पण हाती आलेल्या तुटक साधनांवरून घटनांचा क्रम जुळवणे हेच या कामाचेही मर्म आहे.

ज्यांनी दुकानाचा किंवा संस्थेचा हिशेब ठेवला आहे, त्यांना रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद ठाऊक असतो. व्यवहार घडताच तो रोजकीर्दीत उतरतो. नंतर सवडीने खतावणीतील ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतो. संगणकाच्या डिस्कवरही हीच पद्धत वापरतात. एखादी फाइल वाढली, की डिस्कवर अनेक ठिकाणी बदल करावे लागतात : कोणती जागा व्यापली गेली, फाइलचा आकार किती झाला, कोणता भाग कोठे आहे. यांपैकी एक नोंद झाली आणि दुसरी होण्यापूर्वी वीज गेली, तर नोंदी परस्परांशी जुळत नाहीत. पूर्वी अशा वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे आणि डिस्क मोठी असली तर त्यात तासन्‌तास जात. लिनक्सच्या फाइल प्रणालीला रोजकीर्द, म्हणजे 'जर्नल', जोडण्याची रचना स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये मांडली. २००१ मध्ये ती 'एक्स्ट-३' या नावाने लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आली आणि २००८ मध्ये तिची उत्तराधिकारी 'एक्स्ट-४' स्थिर म्हणून जाहीर झाली. येथे परस्परसंबंधित बदलांचा गट प्रथम जर्नलमध्ये लिहिला जातो व शेवटी पूर्ततेची खूण केली जाते. वीज गेलीच, तर खूण असलेले गट पुन्हा अमलात आणायचे आणि अर्धवट गट सोडून द्यायचे. हे काम एक स्वतंत्र कारकून-प्रक्रिया करते; सर्वसाधारणपणे दर ५ सेकंदांनी ती साचलेले बदल जर्नलमध्ये पक्के करते.

आता डिस्क उतरवण्याचा, म्हणजे 'अनमाउंट'चा, प्रसंग पाहू. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी आपण जो आदेश देतो, तोच हा. त्या वेळी राहिलेले बदल लिहायचे, कारकून-प्रक्रियेला निरोप द्यायचा आणि जर्नल मिटायचे. मिटताना जर्नलवर एक निशाण लावले जाते : यापुढे नवा व्यवहार नाही. त्यानंतरही कोणी व्यवहार सुरू करू लागला, तर गाभा ते काम मुद्दाम तिथेच मोडून काढतो. हे कठोर वाटेल; मला मात्र ते योग्य वाटते. मिटलेल्या वहीत कोणी काहीतरी खरडून ठेवण्यापेक्षा काम थांबलेले बरे.

२०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या एका दोषात नेमके असेच घडत होते. डिस्क उतरवताना, तेही क्वचितच, गाभा थांबे. मागे उरलेल्या नोंदीत दिसे ते इतकेच : मागाहून करायची कामे उरकणारा एक सेवक जर्नलमध्ये व्यवहार सुरू करायला गेला आणि निशाणाला अडखळला. कोण पडले ते कळले. त्याला तिकडे कोणी धाडले ते कळेना.

उलट दिशेने माग काढला, तर असे दिसते. एक्स्ट-४ प्रणाली 'एमबी_ग्रुप्स' नावाची एक माहितीवजा फाइल दाखवते. डिस्क ज्या गटांत विभागलेली असते (बहुधा प्रत्येकी १२८ एमबीचे), त्या प्रत्येकात किती जागा मोकळी आहे हे तीत वाचता येते. ती वाचताना काही गटांचा तक्ता डिस्कवरून आणावा लागतो व तपासावा लागतो. तक्ता बिघडलेला निघाला, तर त्या दोषाची नोंद डिस्कवर व्हायला हवी. पण दोष सापडतो त्या ठिकाणी लगेच व्यवहार सुरू करणे नेहमी शक्य नसते. म्हणून ते काम सेवकाच्या यादीत टाकले जाते.

डिस्कवरील फाइल कोणी उघडलेली असेल, तर ती डिस्क उतरवण्यास प्रणाली नकार देते, मग हा वाचक कसा सुटला? कारण ही माहितीची फाइल त्या डिस्कवर नसतेच. ती गाभ्याने स्वतःच्या वेगळ्या दालनात मांडलेली असते. त्यामुळे दारातून डिस्क बाहेर जात असतानाही खिडकीतून कोणीतरी तिची माहिती विचारत राहू शकतो.

उतरवण्याचा क्रम असा होता : प्रथम सेवकाची यादी रिकामी करणे, मग खिडकी बंद करणे, मग जर्नल मिटणे. यादी रिकामी झाली आणि खिडकी बंद व्हायची आहे, एवढ्या फटीत वाचकाला बिघडलेला तक्ता सापडला, की यादीत नवे काम पडते. सेवक ते घेऊन निघेपर्यंत जर्नलवर निशाण लागलेले असते. दोन कामे समांतर चालतात आणि कोण आधी पोहोचतो यावर निकाल ठरतो, म्हणून अशा दोषाला 'रेस कंडिशन', म्हणजे शर्यतीची स्थिती, म्हणतात. हजार वेळा सारे सुरळीत पार पडेल. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ही फट अत्यंत अरुंद असते. म्हणून शोधक ती मुद्दाम रुंद करतात : संशयित दोन पायऱ्यांच्या मध्ये काही सेकंदांचा विलंब घालतात, तक्ता हेतुपुरस्सर बिघडवतात आणि दुसरीकडून ती फाइल सतत वाचत राहतात. मग क्वचित घडणारी घटना मागाल तेव्हा घडते. विलंब हे तपासाचे साधन आहे, उपाय नव्हे. वेळ वाढवून किंवा घटवून गाभा थांबण्याचे प्रसंग विरळ होतात, फट तशीच राहते. यादी दुसऱ्यांदा रिकामी करूनही भागत नाही, कारण खिडकी उघडी आहे तोवर तिसरे काम येऊ शकते.

दुरुस्ती क्रमाची होती. आधी खिडकी बंद करायची. बंद करताना आत असलेल्या वाचकाचे वाचन संपेपर्यंत गाभा थांबतो, त्यामुळे त्यानंतर या वाटेने नवे काम येणे शक्य नाही. मग यादी रिकामी करायची आणि शेवटी जर्नल मिटायचे. प्रोग्रामच्या थोड्याशा ओळी वरखाली झाल्या, इतकेच. याच खिडकीतून कारकून-प्रक्रियेचा क्रमांक विचारणारा वाचकही पूर्वी असाच अडखळला होता, कारण विचारेपर्यंत ती प्रक्रिया संपलेली असे. हे दोन्ही प्रसंग त्या ओळींच्या वरच्या टिपणात लिहून ठेवले आहेत, म्हणजे पुढे कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने तो क्रम पुन्हा बदलू नये.