एका पात्राच्या दोन घडणी

मधल्या सुट्टीत एखादा मुलगा तोंड पाडून बसलेला असतो. काय रे, काय झालं, असे विचारले की म्हणतो, "सर, माझा बिल्ड चुकला." आता हा बिल्ड म्हणजे काय, तो चुकतो कसा, आणि चुकला तर मुलाने एवढे तोंड पाडावे असे त्यात आहे काय, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते. घरच्या वडीलधाऱ्यांना तर नसतेच. म्हणून आज त्याचीच थोडी उकल करू या. संगणकाला कधी हात लावला नसला तरी चालेल. विहीर, पाट आणि बेरीज-वजाबाकी एवढे माहीत असले म्हणजे पुरे.

काही खेळ असे असतात की त्यात खेळणारा एक पात्र घेतो आणि त्या पात्राच्या रूपाने एका कल्पित जगात वावरतो. याची सुरुवात संगणकावर झाली नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढीच त्याची सामग्री. चारपाच जण टेबलाभोवती बसत. एक जण योद्धा होई, एक जादूगार, एक देवाचा भक्त. कोणात किती बळ, किती बुद्धी, ते कागदावर आकड्यांनी मांडलेले असे. पुढे हीच कल्पना संगणकात शिरली, आणि इंटरनेट आल्यावर हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच कल्पित जगात एकत्र खेळू लागली. अशा खेळांपैकी फार गाजलेला एक म्हणजे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. आपण उदाहरण म्हणून तोच घेऊ.

या खेळात पात्र पायरीपायरीने वर चढते. सुरुवातीच्या काळात शेवटची पायरी साठावी होती. दहाव्या पायरीपासून पुढे प्रत्येक पायरीला एक गुण मिळे. आता मुलांना विचारा, साठाव्या पायरीपर्यंत एकूण गुण किती? पुष्कळ जण चटकन पन्नास म्हणतील. पण दहावी पायरीही धरायची आहे, बरं का! म्हणजे झाले एक्कावन्न. कुंपणाचे खांब मोजताना जी चूक होते, तीच ही.

हे एक्कावन्न गुण कुठे घालायचे, ते खेळणाऱ्याने ठरवायचे. प्रत्येक जातीच्या पात्रापुढे तीन वाटा असत. एखाद्या वाटेच्या टोकाशी असलेली सर्वांत मोठी विद्या हवी, तर त्या वाटेवर आधी तीस गुण घालावे लागत, आणि एकतिसावा त्या विद्येला. मग दोन वाटांच्या टोकांना पोचायला किती लागतील? एकतीस आणि एकतीस, बासष्ट. आणि हाती आहेत एक्कावन्न! म्हणजे एका वाटेचे टोक गाठायचे आणि उरलेले वीस दुसरीकडे घालायचे. काही केले तरी दोन टोके हाती लागत नाहीत. गुणांच्या या वाटणीलाच खेळाडू बिल्ड म्हणतात. आपण तिला घडण म्हणू.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. विहिरीला उन्हाळ्यात पाणी मोजकेच असते. ते सगळे उसाला दिले तर ऊस तरतो. ऊस, भुईमूग आणि मका अशा तिघांना थोडे थोडे दिले, तर तिन्ही पिके माना टाकतात. घडण चुकते ती अशीच. मुलाने इकडे चार, तिकडे सहा असे गुण उधळलेले असतात, आणि सबंध पात्र कुठल्याच कामाचे राहत नाही.

पण काम म्हणजे कोणते? तेही पाहू. या खेळात पाच जणांची टोळी करून गुहेत शिरायचे असते. पाचांपैकी एक जण पुढे उभा राहून शत्रूचे घाव आपल्या अंगावर घेतो. त्याला टँक म्हणतात. एक जण मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरून काढतो, तो हीलर. उरलेले तिघे शत्रूवर मारा करतात. घाव घेणारा पडला की सगळे पडले. जखमा भरणारा चुकला तरी तेच. मोठ्या मोहिमांना तर सुरुवातीच्या काळात चाळीस-चाळीस माणसे लागत, आणि २००७ नंतर बहुतेक ठिकाणी पंचवीस किंवा दहा.

आता खरी अडचण ऐका. ड्रुइड म्हणून एक पात्र आहे. ते अस्वलाचे रूप घेऊन घाव झेलू शकते, रानमांजराचे रूप घेऊन ओरबाडू शकते, आणि मंत्राने जखमाही भरू शकते. म्हणजे तिन्ही कामे त्याला येतात. पण गुण मात्र एकाच वाटेला पुरतात. समजा, कुणी आपले गुण जखमा भरण्याच्या वाटेवर घातले. शनिवारी रात्री टोळीत त्याची मोठी मागणी. पण सोमवारी तो एकटाच रानात निघाला, तर साधा लांडगा मारायला त्याला घाम फुटायचा! कारण त्याच्या हाती औषध होते, हत्यार नव्हते. टोळीच्या उपयोगी पडावे तर एकट्याचे हाल, आणि एकट्याने सुखाने खेळावे तर टोळीला जखमा भरणारा मिळत नाही. अशा वेळी चार माणसे वेशीवर ताटकळत बसत, आणि कित्येकदा तशीच घरी जात.

यावर उपाय दोन होते. पहिला, पैसे भरून गुण परत घ्यायचे आणि नव्याने वाटायचे. हे पैसे रुपये नव्हेत; खेळातच मिळवलेल्या सोन्याच्या मोहरा. पहिल्या खेपेला एक मोहर, मग पाच, मग दहा, अशी पाचापाचांनी वाढत ही फी पन्नासांवर थांबे. वर सगळे गुण एकेक करून पुन्हा घालायचे आणि पडद्यावरच्या विद्यांची मांडणीही पुन्हा लावायची. दुसरा उपाय, पहिल्या पायरीपासून नवे पात्रच वाढवायचे. त्याला कितीतरी दिवस जात. काही खेळांत तर पहिला उपायही नव्हता. याच कंपनीच्या २००० सालच्या 'डायाब्लो टू' या खेळात एकदा घातलेला गुण कायमचाच. तो परत घेण्याची सोय झाली २०१० साली, म्हणजे दहा वर्षांनी. तोवर ज्याची घडण चुकली, त्याने श्रीगणेशा पुन्हा गिरवायचा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एप्रिल २००९ मध्ये नवी सोय आली. चाळीस पायऱ्या चढलेल्या पात्राला एकदाच एक हजार मोहरा भरून दुसरी घडण ठेवता येऊ लागली. दोन्ही घडणींचे गुण वेगळे, विद्यांची मांडणी वेगळी, आणि हवी ती घडण वर काढायची. आपल्याकडे शेतात दारे धरतात, त्यातलाच हा प्रकार. पाणी तेच, एका दाराला माती लावायची आणि दुसरे मोडायचे. पाट मात्र आधीच खणून ठेवलेले.

हजार मोहरा जास्त वाटतात ना? मग हिशेब करू. एखादा खेळाडू आठवड्यातून एकदा टोळीसाठी घडण बदलतो आणि एकदा परत फिरवतो. प्रत्येक खेपेला पन्नास, म्हणजे आठवड्याला शंभर. दहा आठवड्यांत हजार वसूल! पण वर्षातून दोनदाच बदलणाऱ्याला तेवढ्याच पैशाला दहा वर्षे लागतील. म्हणजे सोय एकच, पण ती कुणाला परवडते ते वापरावर ठरते. बैलजोडी विकत घ्यावी की भाड्याने आणावी, याचा विचार आपण असाच करतो.

या सोयीला मर्यादाही होत्या. ऐन लढाईत घडण बदलता येत नसे. बदलायला काही क्षण लागत आणि बदलल्यावर मंत्रशक्ती रिकामी होई. ती भरेपर्यंत थांबावे लागे. शिवाय चिलखत आणि हत्यारे घडणीबरोबर आपोआप येत नसत. दोन कामांना दोन तऱ्हेचे सामान जमवून पिशवीत बाळगावे लागे.

तरीही सगळ्यांना ही सोय आवडली असे समजू नका. काही जण म्हणत, निवड एकदाच करायची म्हणून तर तिला किंमत. आज वैद्य, उद्या मल्ल, असे झाले तर मग हा माणूस आहे तरी कोण? यात अर्थ नाही असे कसे म्हणावे? २०१९ साली कंपनीने जुना खेळ पुन्हा खुला केला, तेव्हा तो दुसऱ्या घडणीच्या सोयीशिवायच आला. उलट मुख्य खेळात २०१६ पासून पात्राला आपल्या सगळ्या वाटा मोहरा न भरता बदलता येऊ लागल्या होत्या. म्हणजे एकाच कंपनीचे दोन खेळ, आणि दोन्हींचा न्याय निराळा.

माझे मत विचाराल तर भांडणाचे मूळ वेगळेच आहे. घडण बदलायला पाच क्षण लागतात. घडण अंगी मुरायला महिने. जखमा भरणाऱ्याने पुढच्या घावाचा अंदाज आधी बांधायचा असतो. घाव झेलणाऱ्याला कुठे उभे राहायचे ते कळावे लागते. हे ज्ञान मोहरा मोजून मिळत नाही. दुसरी घडण केवळ नावाला ठेवून कुणी "मीही टँक होतो" असे म्हणाला, तर बाकीचे चार जण त्याच्या शब्दावर विसंबून गुहेत शिरतात आणि मरून पडतात. तो दिलेला शब्द आहे, आणि तो मोडला तर नुकसान दुसऱ्यांचे होते. खेळातल्या मरणाने कुणी मरत नाही हे खरे. पण चार माणसांची संध्याकाळ फुकट जाते आणि पुढच्या खेपेला त्याला कुणी बोलावत नाही.

म्हणून मुलांना सांगण्यासारख्या चार गोष्टी. पहिली घडण अंगवळणी पडल्याशिवाय दुसरीच्या नादी लागू नये. दुसरी घडण निराळ्या कामाची असावी. तेच काम जरा वेगळ्या रीतीने करणारी असली तर तिने टोळीची गरज भागत नाही. दुसरीचा सराव आधी सोप्या ठिकाणी, ओळखीच्या माणसांत करावा. आणि आज आपण कोणते काम करणार, ते निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगावे.

पालकांनीही दोन गोष्टींवर नजर ठेवावी. एक, वेळ. हे खेळ संपत नाहीत. ते आपणच थांबवायचे असतात. दुसरी, पैसा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायला दरमहा वर्गणी पडते, आणि काही खेळांत चुकलेली घडण सुधारण्याची सोय खऱ्या पैशांना विकतात. मुलगा कोणती मोहर मोजतो आहे, खेळातली की घरातली, हे विचारून घ्यावे.

आता पुन्हा त्या तोंड पाडून बसलेल्या मुलाकडे वळू. त्याला खेळाच्या नावाने रागावण्याआधी कागद-पेन्सिल द्या आणि म्हणा, "गुण किती होते? कुठे कुठे घातलेस? कशासाठी?" तो लिहू लागेल. लिहितालिहिता कुठे पाणी वाया गेले ते त्याचे त्यालाच दिसेल. मग दुसऱ्या रकान्यात नवी वाटणी मांडायला सांगा, पण पहिली खोडू देऊ नका. पहिली चूक डोळ्यांसमोर राहिली, तरच दुसरी घडण शहाणपणाची होते.