कार्डियाक अरेस्टमधून वाचल्यानंतरचे पहिले वर्ष

घरात किंवा रस्त्यात अचानक हृदय बंद पडले, कुणीतरी लगेच सीपीआर दिला, शॉक मिळाला आणि रुग्ण शुद्धीवर येऊन घरी परतला. फॉलो-अपला ईसीजी ठीक, इकोही ठीक. रुग्ण म्हणतो, “मला काही त्रास नाही.” मग उठता उठता पत्नी हळूच सांगते, “डॉक्टर, हे पूर्वीसारखे राहिले नाहीत हो.” तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, गॅस बंद करायला विसरतात, नातवंडांचा आवाज सहन होत नाही, दुपारपर्यंत गळून जातात.

हा म्हातारपणाचा किंवा स्वभावाचा दोष नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचे पंपिंगच थांबते, त्यामुळे मेंदूलाही रक्त मिळत नाही आणि काही मिनिटांतच त्याच्या पेशींना इजा होऊ लागते. नव्या आठवणी साठवणारा भाग विशेष नाजूक असतो. म्हणून चालणे-बोलणे व्यवस्थित असूनही स्मरणशक्ती, एकाग्रता आणि कामांचे नियोजन यांत कमतरता राहू शकते. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत वाचलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये असा कमी-अधिक त्रास आढळला आहे. बहुतेकांमध्ये तो सौम्य असतो आणि ते आपली रोजची कामे स्वतः करतात.

सर्वाधिक सुधारणा साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत होते. पुढे वेग मंदावतो, पण वर्षभर फरक पडू शकतो. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन जून 2021 मध्ये मैदानातच कोसळला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये पुन्हा सामना खेळला. उदाहरण उमेद देणारे आहे, पण तेच माप आपल्या रुग्णाला लावू नका. त्याला मैदानावरच काही क्षणांत उपचार मिळाले होते.

2021 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्चार्जनंतर तीन महिन्यांच्या आत स्मरणशक्ती, थकवा आणि मनःस्थिती यांची तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे फॉलो-अप बहुधा गोळ्या आणि बीपीवरच संपतो, तेव्हा ही तपासणी तुम्हीच मागून घ्या. शक्यतो घरातील माणसाने सोबत यावे, कारण आपण विसरतो हेच रुग्णाच्या लक्षात राहत नाही. घरी डायरी, मोबाइलचा अलार्म, गोळ्यांचा डबा वापरा. एका वेळी एकच काम, मध्ये विश्रांती. नोकरी सुरू करताना आधी अर्धा दिवस जमतो का ते पाहा. गाडी चालवण्याबद्दल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

झोपेत पुन्हा हृदय थांबेल ही भीती, उदासी, चिडचिड हेही नेहमी दिसते. ज्या पत्नीने किंवा मुलाने स्वतः छाती दाबली, त्यांना तो प्रसंग रात्री-अपरात्री आठवत राहतो. रुग्ण वाचला ना, मग आपण कशाला बोलायचे, असे म्हणून ते गप्प राहतात. उपचार त्यांनाही मिळू शकतात. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.

अरेस्टचे कारण आनुवंशिक असल्यास आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही हृदयतपासणी करावी लागते. हे डिस्चार्जपूर्वीच विचारा.

आयसीडी बसवले असेल आणि त्याचा एकच शॉक बसून नंतर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ शॉक बसले, छातीत दुखले, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करा.