पांढरे पाहुणे आणि घरातले जुने बिऱ्हाडकरू

उंदीर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन रूपे उभी राहतात. एक गणपतीच्या पायाशी हात जोडून बसलेला मूषक आणि दुसरा धान्याच्या पोत्याला भोक पाडणारा चोर. अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. पुण्याला शिकणारा एखादा भाऊ सुट्टीला येताना पिंजऱ्यात पांढऱ्या उंदरांची जोडी घेऊन येतो. पोरे हरखून जातात, आजी मात्र स्वयंपाकघराचे दार लावून घेते. मग प्रश्न आमच्या मांडवगणच्या दवाखान्यात येतो, ‘डॉक्टर, हे घरात ठेवलं तर चालंल का?’

चालेल, पण काही नियम पाळून. आणि त्यातला पहिला नियम उंदरासाठी नाही, घरच्या माणसांसाठी आहे.

आजीची भीती खोटी नाही

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1897 मध्ये पुण्यात त्याने हाहाकार केला. ‘घरात उंदीर पडला’ की माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात आणि रोग पसरवतात, हे शास्त्राने पुढे सिद्ध केले. लोकांनी अनुभवाने ते आधीच ओळखले होते. 1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावाने आणि त्यापाठोपाठ सुरतेने ही आठवण पुन्हा ताजी केली. तेव्हा आजीला वेड्यात काढू नये.

परंतु दुकानातून आणलेला पांढरा उंदीर आणि आपल्या आढ्यावरचा उंदीर यांत फरक आहे. पांढरा उंदीर हा तपकिरी उंदराच्याच जातीचा, पण पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत 1906 साली पैदाशीला आलेला त्याचा वाण आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. आपण घेतो त्या कितीतरी औषधांची पहिली परीक्षा उंदरांवर झालेली असते. हा प्राणी मांजरासारखे स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवतो, माणूस ओळखतो आणि दोन-तीन वर्षे जगतो. एकटा ठेवला तर मात्र झुरतो.

खरा धोका कोठे?

आपला भाग भीमेच्या काठचा. चोहीकडे ऊस, घराला लागून गोठा, शेजारी कांद्याची चाळ. रानउंदरांना याहून चांगली जागा कोणती? या उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात व पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसाच्या अंगात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत याच आजाराने बळी घेतले होते.

आता पांढऱ्या उंदराचा पिंजरा जमिनीवर ठेवला, भोवती शेंगदाणे, बाजरी सांडली, की रात्री जुने बिऱ्हाडकरू जेवायला येतात. त्यांच्या लघवीतले जंतू पिंजऱ्यातल्या पाहुण्याला मिळतात. तो आजारी दिसत नाही, पण जंतू बाळगतो. सकाळी घरातले लेकरू अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी पिंजरा साफ करते. म्हणून पाहुण्यांची आणि बिऱ्हाडकरूंची गाठ पडू न देणे हेच मुख्य काम.

काय करावे?

- पिंजरा टेबलावर, बारीक जाळीचा असावा. रात्री उरलेले खाणे काढून टाकावे. स्वयंपाकघर, पाण्याचा माठ आणि अंथरूण यांपासून तो दूर ठेवावा.
- घरात आधीचे पाळीव उंदीर असतील तर नव्यांना पहिले पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. शिंका, घरघर किंवा सुस्ती नसेल तरच एकत्र आणावे.
- दोन माद्या किंवा दोन नरच घ्यावेत. मादीचे दिवस अवघ्या तीन आठवड्यांत भरतात, एका वेळी आठ-दहा पिल्ले होतात आणि व्यायल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. दिवाळीला आणलेल्या जोडीची संक्रांतीला पलटण होते. मग ती वावरात सोडून देणे ही दया नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला जीव तेथे टिकत नाही.
- पिंजरा कोरडा झाडू नये. आधी ओला करावा, मग पुसावा. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. नंतर साबणाने हात धुवावेत. हे काम मोठ्या माणसाने करावे.
- पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत पिंजरा सावलीत, गार जागी ठेवावा. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही.
- पाच वर्षांखालील मुले, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी उंदीर हाताळू नयेत.
- घरातल्या चोरांसाठी विषारी पेस्ट न वापरता सापळा लावावा. फॉस्फरसची पेस्ट मुलाच्या पोटात गेली तर पहिल्या उलट्यांनंतर एक-दोन दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. ‘आता बरे आहे’ म्हणून घरी थांबू नये. लगेच मोठे रुग्णालय गाठावे.

चावला तर

पाळीव उंदीरही घाबरला तर चावतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिसरी काही भरू नये. उंदराच्या चाव्यातून रेबीज होण्याचा संभव फारच थोडा असतो. परंतु धनुर्वाताची लस लागेल का हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना दाखवावे.

येथे एक हकिगत सांगतो. वस्तीवरच्या एका शाळकरी मुलाला वडील घेऊन आले. थंडी वाजून ताप, सांधे धरलेले, तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ. मलेरिया, डेंग्यूच्या तपासण्या करून झाल्या होत्या, त्यांत काही निघाले नव्हते. ‘सलाईन लावा’ एवढाच वडिलांचा आग्रह. मुलाला जवळ घेऊन विचारले, ‘घरात कोणता प्राणी आहे रे?’ तो वडिलांकडे बघत राहिला. मग हळूच बोट पुढे केले. आठ दिवसांपूर्वी पांढरा उंदीर चावला होता. जखम भरूनही आली होती. ‘सांगितलं असतं तर आजीनं उंदीर फेकून दिला असता,’ तो म्हणाला. मूषकदंश ज्वर असावा असे धरून पेनिसिलिन सुरू केले आणि मूल बरे झाले. हाच ताप उपचाराविना राहिला तर जिवावर बेतू शकतो.

म्हणून सुरुवातीला म्हटलेला पहिला नियम असा : उंदीर घरात आणायचा तर सर्वांच्या संमतीने आणावा, आणि ‘चावला तर फेकून देऊ’ अशी धमकी मुलांना देऊ नये. धाकाने मूल चावा लपवते.

ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या प्रचंड दुखणे, लघवी कमी होणे किंवा कावीळ यांपैकी काही दिसले तर दुखणे अंगावर काढू नका. लेप्टोची लक्षणे संसर्गानंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिनाभरानेही दिसतात. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. ‘आमच्या घरी उंदीर पाळलेत’ किंवा ‘उसाला पाणी द्यायला चिखलात उतरलो होतो’ हे एक वाक्य स्वतःहून सांगा. योग्य औषध स्वस्त आहे आणि सहज मिळते. ते वेळेवर मिळणे या एका वाक्यावर अवलंबून असते.