कराराचा कागद आणि जनतेचा हक्क

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या धानाच्या मुलखात गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे आणि मालगुजारी तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क आहे, हे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या जुन्या दप्तरांत नमूद झालेले आहे, आणि त्या हक्कावर ज्याची बांधी पिकते त्याला त्या दप्तराची नक्कल मागता येते. गावच्या पाण्याविषयी जो न्याय आपण स्वाभाविक मानतो, तो राष्ट्राने परराष्ट्राशी केलेल्या अणुकराराला लावला की मात्र राज्यकर्ते गोपनीयतेचा पडदा पुढे ओढतात.

त्या पडद्याची किंमत महाराष्ट्राने अनुभवली आहे. 1963 साली अमेरिकेशी झालेल्या करारान्वये तारापूरचे केंद्र उभे राहिले आणि 1969 साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. परंतु 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने 1978 साली नवा कायदा करून इंधनाचा पुरवठा अडविला, आणि 1982 पासून फ्रान्सच्या इंधनावर ते केंद्र चालवावे लागले. इतका धडा पदरी असताना पुढे पुन्हा अमेरिकेशीच होणाऱ्या अणुकरारातील इंधनाच्या हमीचा नेमका अर्थ भारतीय नागरिकास आधी कळावयास हवा होता. प्रत्यक्षात काय घडले? 2008 च्या जुलैत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी करावयाच्या कराराचा मसुदा गोपनीय असल्याचे सांगून तो सरकारला पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनाही दाखविण्यात आला नाही. 8 जुलैला त्यांनी पाठिंबा काढला, आणि लगेच एक-दोन दिवसांत तोच मसुदा जगजाहीर झाला. त्याहून क्लेशदायक प्रकार सप्टेंबरात उघडकीस आला. भारताने पुन्हा चाचणी केल्यास सहकार्य थांबेल आणि इंधनपुरवठ्याची आश्वासने त्या प्रसंगासाठी नाहीत, असा खुलासा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या प्रतिनिधिगृहाच्या समितीस जानेवारीतच लेखी दिला होता. तो कित्येक महिने दडवून ठेवला गेला, आणि अखेर समितीचे अध्यक्ष हॉवर्ड बर्मन यांनी प्रसिद्ध केला तेव्हा आपल्या लोकांच्या नजरेस पडला. आपल्याच कराराचा अर्थ आपण परक्या संसदेच्या दप्तरातून वाचावा, ही स्वाभिमानी लोकसत्तेस शोभणारी गोष्ट नव्हे.

अणुभट्टीची रचना, इंधनाची वाहतूक, पहाऱ्याची व्यवस्था ही गुप्त राहिलीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु 1962 च्या अणुऊर्जा कायद्याच्या 18 व्या कलमाने सरकारला माहिती रोखण्याचा जो विस्तीर्ण अधिकार दिला, आणि 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानेही परराष्ट्रसंबंध व व्यापारी गुपिते यांना जी सूट दिली, त्यांच्या आश्रयाने विजेचा दर आणि अपघाताची जबाबदारीही झाकली जाऊ लागली, तर ती राष्ट्ररक्षा राहत नाही. कोकणातील जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा पर्यावरणविषयक अहवाल आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केला, 28 नोव्हेंबर 2010 रोजी त्यास मंजुरी मिळाली आणि अवघ्या आठ दिवसांत, 6 डिसेंबरला, फ्रान्सच्या ‘अरेवा’ कंपनीशी करारावर सह्या झाल्या. प्रकल्पाच्या जागी असलेल्या माडबन गावच्या शेतकऱ्यांची जमीन आधीच संपादित होत होती. विजेचा दर मात्र ठरलेलाच नव्हता.

त्याच माहिती अधिकार कायद्यात, गोपनीयतेपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे 8 व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या संविधानाप्रमाणे मात्र आंतरराष्ट्रीय करारास संसदेची पूर्वसंमती अनिवार्य नाही. ती अनिवार्य व्हावी, निदान अणुकराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेच्या पटलावर यावा, अशी मागणी भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी आपल्या खासदाराकडे लेखी करावी.