शिंपला काय खातो?

तापीकाठच्या पाड्यांवर आरोग्याच्या बैठका घेताना बाया हमखास विचारतात, “नदीतले शिंपले पोरांना द्यावेत का?” उत्तर देण्याआधी शिंपला स्वतः काय खातो, ते पाहू.

तो भक्ष्याच्या मागे जात नाही. गाळात अर्धा रुतून, शिंपा किंचित उघडा ठेवून बसतो. मागच्या टोकाला दोन छिद्रे असतात; खालच्यातून पाणी आत येते, वरच्यातून बाहेर जाते. पाणी ओढतात ते कल्ल्यांवरचे अतिसूक्ष्म केस. वाऱ्याने भातशेत डोलावे तसे ते एका लयीत हलतात. शेवाळाचे कण, जिवाणू, कुजक्या पाचोळ्याचा भुगा कल्ल्यांवर अडकतो आणि चिकट द्रवात गुंडाळून तोंडाकडे सरकतो. तोंडाशी पातळ पाकळ्या असतात. आपण सुपात पाखडतो तशी त्या निवड करतात. नको ते गोळी करून बाहेर टाकले जाते व तळाशी बसते.

म्हणूनच पाणी निवळते. शाळेत करून पाहा: दोन बादल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या आणि एकीत चार-पाच जिवंत शिंपले सोडा. (नंतर ते नदीत परत सोडायचे, हे मुलांना आधीच सांगा.)

समुद्रातली कालवे आणि तिसऱ्याही अशाच जेवतात. नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या बाग परिसरात, चुनखडकांत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता!

पण या पाखडणीला विष ओळखता येत नाही. गटाराचे जंतू, फवारणीचे औषध, जड धातू, जे पाण्यात असेल ते शिंपल्याच्या अंगात साठते. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. म्हणून गावाच्या गटाराखालचे किंवा फवारणीचे पंप धुतात तिथले शिंपले घेऊ नका. वाहत्या, स्वच्छ पाण्यातले घ्यायला माझी हरकत नाही. काही जण लेवीय 11 दाखवतात. तिथे पंख व खवले नसलेले जलचर वर्ज्य आहेत खरे, पण कारण दिलेले नाही, आणि मी ते आरोग्याशी ओढूनताणून जोडणार नाही.

लहान शिंपले मात्र सोडून द्या. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. त्यामुळे मासे घटले की शिंपलेही घटतात. आणि हात लावूनही जो शिंपला मिटत नाही, तो मेलेला समजा. तो चुलीपर्यंत नेऊच नका.